मानपत्राला मिळालेलं उत्तर

आमच्या घरात जेवताना मीठ मागायचं तरी जपून मागावं लागे. "आज वरणातलं मीठ रुसलंय" असं मी सहज बोलून गेले की बाबांचा हात ताटातच थांबायचा. मीठ रुसतं कसं, रुसायला त्याला मन आहे का, मग हा अलंकार कोणता, अशी सरबत्ती सुरू व्हायची. मी चेतनगुणोक्ती म्हटलं की मगच मिठाची वाटी माझ्याकडे सरकायची. आई म्हणायची, पोरीचं अन्न गार होतं. त्यावर बाबा म्हणायचे, अन्न गार झालं तर पुन्हा गरम करता येतं. मी एकुलती एक, त्यामुळे हा सगळा मारा माझ्या एकटीवर होई, पण खोटं कशाला सांगू, मला तो आवडायचा. इतर मुलींच्या घरी वडील जेवताना बोलत नसत. माझे वडील माझ्याशी बोलत, आणि मी बरोबर उत्तर दिलं की आपल्या ताटातला सांडगा उचलून माझ्या ताटात ठेवत. त्या सांडग्यांसाठी मी उत्प्रेक्षा आणि रूपक यांतला फरक आठव्या वर्षी शिकले.

आम्ही जबलपूरला, कांचघर भागात दोन खोल्यांत राहत होतो. पुढच्या खोलीत बाबांची पुस्तकं आणि त्यांची खाट, मागच्या खोलीत चूल, भांड्यांची फळी आणि आम्ही दोघी. सकाळी खमरियाच्या दारूगोळा कारखान्याचा भोंगा झाला की तिकडे जाणाऱ्या सायकलींच्या घंटा सुरू होत. दुपारी त्याच बाजूने तोफगोळ्यांच्या चाचणीचे धडाके ऐकू येत आणि फळीवरची पितळेची ताटं एकमेकांवर थरथरत. बाबा म्हणत, अख्ख्या जबलपुरात एवढा एकच वक्ता आहे जो अलंकार वापरत नाही. आई अमरावतीकडची. तिच्या हातचा वडाभात आणि वरून ओतलेली हिंगाची फोडणी यांचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत जाई, आणि शेजारची दुबे आजी भिंतीवरून विचारी, "क्या बना रही हो, बहूजी?" आई हिंदीतून उत्तर देई, ते हिंदी ऐकून आजी हसे, आणि आई आत येऊन मला म्हणे, "इथं आयुष्य काढलं तरी मी यांना पाहुणीच वाटून राहिली."

बाबांच्या घराण्याला मात्र इथे पिढ्या झाल्या होत्या. भोसल्यांच्या चाकरीत कोणी पूर्वज नर्मदेच्या या बाजूला आला आणि परतलाच नाही. बाबा एका शाळेत मराठी शिकवत. शाळा हिंदी, पण तिच्यात मराठीचे वर्ग होते, आणि खमरियाच्या क्वार्टरांतली मराठी मुलं बसने त्यासाठी येत. राज्यं नव्याने आखली गेली तेव्हा नागपूर तिकडे गेलं आणि आम्ही इकडे राहिलो. आम्ही हललो नव्हतो, आमच्या खालची जमीन तेवढी दुसऱ्याच्या नावावर झाली. सुरुवातीला काही जाणवलं नाही. मग नागपूरहून येणारी मराठीची पुस्तकं उशिरा येऊ लागली, पुढे येईनाशी झाली, आणि बाबा जुन्या पुस्तकांतले धडे रात्रंदिवस हाताने उतरवून वर्गात वाटू लागले. मुलं कमी होत गेली. आईबाप म्हणत, मास्साब, मराठी शिकून नोकरी कुठे लागणार. बाबांकडे त्याला उत्तर नव्हतं, तरी ते घरी येऊन आम्हाला सांगत की उत्तर दिलं.

त्यांचा दुसरा नाद भाषणं ऐकण्याचा. मैदानात कुणीही बोलायला उभा राहो, बाबा वही घेऊन हजर. वहीच्या पानावर मधोमध रेघ असे. डावीकडे वक्त्याचं वाक्य, उजवीकडे अलंकाराचं नाव. घरी आलं की ती वही माझ्यापुढे यायची आणि आमचा खेळ सुरू व्हायचा, त्याला बाबा "उतरवणं" म्हणत. लग्नाहून आलेली बाई एकेक दागिना उतरवून डब्यात ठेवते, तसं वाक्यातून एकेक अलंकार काढून ठेवायचा आणि मग बघायचं की खाली काय उरलं. "आमचं सरकार म्हणजे गरिबाच्या डोक्यावरचं छप्पर" यातलं छप्पर काढा. उरलं काय? सरकार आहे आणि गरीब आहे. मग बाबा हसून पुढचं वाक्य घेत. ते म्हणत, कवीच्या ओळीतून अलंकार काढला तर ओळ मरते, कारण कवीला जे सांगायचं असतं ते त्या अलंकारातच असतं. पुढाऱ्याच्या वाक्यातून काढला तर काहीही मरत नाही, कारण तिथे जिवंत काही नसतंच. पंधराव्या वर्षी मी या खेळात त्यांच्या तोडीची झाले होते. कधी कधी त्यांच्याआधी माझं उतरवून व्हायचं, तेव्हा ते माझ्याकडे जे बघत तसं पुढे कुणीच बघितलं नाही.

त्याच वर्षी हिवाळ्यात दोन गोष्टी एकदम आल्या. नागपूरहून मामाचं पत्र आलं की त्याच्या ओळखीच्या एका शाळेत मराठीच्या शिक्षकाची जागा रिकामी आहे, अमुक सोमवारपर्यंत होकाराची तार आली तर संस्थेचे लोक थांबतील, नाहीतर दुसरा माणूस घेतील. आईने ते पत्र चार वेळा माझ्याकडून वाचून घेतलं, आणि त्या संध्याकाळी तिने सण नसताना सुधारस केला. आणि दुसरं, शाळेच्या स्नेहसंमेलनाला शिक्षण खात्यातले एक फार मोठे साहेब येणार असं ठरलं, त्याच सोमवारच्या आधीच्या शनिवारी. मराठीचे वर्ग पुढच्या वर्षी ठेवायचे की नाही याची फाईल त्यांच्याच टेबलावर आहे, असं शाळेचा कारकून सांगत होता. साहेब हिंदीभाषक, पण जुन्या काळात नागपूरला शिकलेले, मराठी चांगलं समजणारे. त्यांना मराठी वर्गांतर्फे मानपत्र द्यायचं, ते बाबांनी लिहायचं आणि मी वाचायचं.

आता मानपत्राची आमच्या लोकांत एक रीत होती. मानपत्रात काही मागायचं नाही. ज्याला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, त्याच्यापुढे त्याच घटकेला हात पसरायचा नाही. आईला हे पटत नव्हतं. ती म्हणाली की शेवटी दोन ओळी सरळ लिहा, वर्ग बंद करू नका आणि एक शिक्षक मंजूर करा, नाहीतर वेगळा अर्ज तरी हातात द्या. बाबा म्हणाले की अर्ज परक्याला देतात, आणि रसिक माणसाला सूचना पुरते. म्हणून त्यांनी आमची सगळी मागणी अन्योक्तीत घातली. बोलायचं एकाला आणि ऐकवायचं दुसऱ्याला, तो अलंकार. मानपत्राचा उत्तरार्ध नर्मदेला उद्देशून होता. हे नर्मदे, तू उगमापासून दोन काठ घेऊन चाललीस, एका काठाला पाणी दिलंस आणि दुसऱ्याला कोरडं ठेवलंस असं कधी झालं नाही, आज तुझ्या धाकट्या काठावर आम्ही घडा घेऊन उभे आहोत, असं ते होतं. आठ दिवस मी ते पाठ करत होते. इतकं सुंदर मराठी मी त्यानंतर कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही, आणि त्याचा शून्य उपयोग झाला हेही इथेच सांगून टाकते.

शनिवारी दुपारी मांडवात मी उभी राहिले. आईचं मोतिया रंगाचं नऊवारी लुगडं मला आखूड करून नेसवलं होतं. पहिल्या दोन वाक्यांतच मांडव गप्प झाला. खमरियाच्या बायका पदर सावरून बसल्या होत्या आणि त्यांच्यातल्या काही रडू लागल्या. नर्मदेला हाक मारली तेव्हा साहेबांनी डोळे मिटून मान डोलावली, आणि संपल्यावर ते स्वतः उठून पुढे आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "वाह बेटी, सरस्वती बैठी है जीभ पर।" मग ते उत्तराला उभे राहिले. अर्धा तास बोलले. नर्मदा प्यासे से उसकी बोली नहीं पूछती, म्हणाले. हिंदी और मराठी एक ही माँ की दो आँखें हैं, म्हणाले. आणि शेवटी, आवाज खाली आणून, "मराठी तो हमारे आँगन की तुलसी है। तुलसी को कौन उखाड़ता है?" टाळ्या थांबेनात. बाबा तिसऱ्या रांगेत वही मांडीवर घेऊन लिहीत होते आणि त्यांचा चष्मा ओला झाला होता. हेडमास्तरांनी सगळ्यांना खव्याची जिलबी वाटली. परतताना आम्ही तिघं पायीच आलो आणि वाटेत ओळखीचे लोक थांबून माझं कौतुक करत होते. एवढं कौतुक मला त्याआधी मिळालं नव्हतं, आणि माझी चाल बदलली होती हे आईने मला सांगितलंसुद्धा.

रविवारी सकाळी जेवणाआधी बाबांनी वही काढली. आई चुलीपाशी झुणक्याला फोडणी देत होती, पण तिचं लक्ष आमच्याकडेच होतं. तिने पळी हातात धरूनच विचारलं, "तुमचं ते अलंकार-बिलंकार राहू द्या. तो काय देतो म्हणे? अन् कधी देतो म्हणे?" बाबांनी वही माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "शालू, आज तू उतरव. मी बोलणार नाही."

मी सुरू केलं. नर्मदा काढली. दोन डोळे काढले. तुळशीपाशी आले तेव्हा मला कळलं, अगदी स्वच्छ कळलं, त्या वेळच्या फोडणीच्या वासासकट मला आठवतं. तुळस अंगणात असते. तिला कुणी घरात घेत नाही. तिला रोज एक तांब्या पाणी घातलं की काम झालं, तिच्यासाठी खोली लागत नाही, शिक्षक लागत नाही. आणि तिला उपटतं कोण, हा प्रश्न त्यांनी आम्हाला विचारला होता, त्याचं उत्तर स्वतः दिलं नव्हतं. खाली पान कोरं होतं. वर्ग राहतील असं त्या अर्ध्या तासात कुठेही नव्हतं. आम्ही मागणी अलंकारात घातली आणि त्यांनी नकार अलंकारात घातला, आणि दोन्ही बाजूंनी टाळ्या वाजल्या. कदाचित तो नकारही नसेल. कदाचित त्या माणसाला एका चांगल्या मानपत्राला चांगलं उत्तर द्यायचं होतं, बाकी काही नाही.

हे मला तिथल्या तिथे म्हणता आलं असतं. का म्हटलं नाही, त्याची कारणं मी आयुष्यभर वेगवेगळी देत आले. बाबांचं मन मोडवेना, असं मी पुष्कळ वर्षं म्हणत होते. ते खरं नाही. खरं कारण असं की काल मांडवात बायका माझ्या बोलण्याने रडल्या होत्या, आणि ते सगळं फुकट गेलं असं मला माझ्या तोंडाने म्हणायचं नव्हतं. आणि दुसरं, जे त्याहून हलकट आहे. नागपूरला प्रत्येक घरात मराठी बोलणाऱ्या मुली होत्या. तिथे मी शंभरातली एक झाले असते. इथे मी एकटी होते.

बाबांनी विचारलं, "काय उरलं?"

"वचन उरलं, बाबा," मी म्हणाले. "तुळस उपटणार नाहीत म्हणजे वर्ग राहतील. ते उघड बोलू शकत नव्हते, म्हणून असं म्हणाले."

बाबांनी वही मिटली. आई पळी ठेवून दारात आली होती. तिने मला विचारलं, "नक्की का वं? मला नाही समजत यातलं. तू सांगशील ते खरं." मी नक्की म्हणाले. ती पुन्हा चुलीकडे गेली. त्या दिवशीचा झुणका खाली लागला होता, तसाच आम्ही खाल्ला. सोमवारी सकाळी बाबांनी तारघरात जाऊन नागपूरला नकार कळवला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत हुकूम आला. टंकलेखन केलेला, हिंदीत, चार ओळींचा. मराठीचे वर्ग नव्या सत्रापासून बंद, शिक्षकाची बदली खमरियाच्या पलीकडच्या प्राथमिक शाळेत. बाबांनी तो मला वाचायला दिला आणि म्हणाले की भाषा फार चांगली आहे, एक शब्द जास्त नाही. मामाला पुन्हा लिहून पाहिलं. त्याचं उत्तर आलं की जागा त्याच आठवड्यात भरली, आता काही होण्यासारखं नाही, आणि तुम्ही तेव्हाच होकार कळवला असता तर. आईने ते पत्र माझ्याकडून एकदाच वाचून घेतलं. त्यानंतर ती नागपूरचं नाव काढेनाशी झाली. तिच्या भावाकडे लग्नकार्याला गेली तरी चार दिवसांत परत येई, आणि विचारलं तर म्हणे, "तिथं आता माझं काय आहे?"

बाबा पहिलीच्या मुलांना हिंदीतून पाढे शिकवू लागले. त्यांच्या हिंदीत मराठी हेल होता आणि मुलं त्यांची नक्कल करत. एकदा आई आजारी होती म्हणून मी त्यांना डबा द्यायला गेले तर ते फळ्यापाशी उभे होते आणि "दो एकम दो" म्हणत होते, आणि मागच्या पोरांपैकी कुणीतरी तेच त्यांच्या आवाजात म्हणालं. सगळा वर्ग हसला. बाबाही थोडं हसले. मी डबा दारात ठेवून निघून आले. भाषणं ऐकायला जाणं त्यांनी हळूहळू सोडलं. जेवताना आमचं बोलणं बंद झालं. मी मुद्दाम म्हणून पाहिलं, आज भाकरीचा चंद्र झाला बाबा, तर ते "हो का" म्हणाले आणि जेवत राहिले. दुपारचे धडाके आणि ताटांची थरथर तेवढी पहिल्यासारखी होती.

मी पुढे हिंदीची शिक्षिका झाले. दुसरं काय होणार होते. अख्खी नोकरी मी मुलींना उपमा, रूपक, उत्प्रेक्षा शिकवत आले, नावंसुद्धा तीच. परीक्षेला पाच गुणांचा प्रश्न असतो, तेवढ्यापुरतं त्या शिकतात आणि विसरतात. आता माझी नात माझं मराठी समजते आणि उत्तर हिंदीत देते. लिपी तीच असली तरी हे पान तिला नीट कळणार नाही. टीव्हीवर कुणी भाषण करायला लागलं की माझा मेंदू आपोआप उतरवायला लागतो आणि खाली काही सापडत नाही, आणि आजूबाजूला सगळे टाळ्या वाजवत असतात. एके काळी मला वाटायचं की हे शिकवलं तर माणसं फसणार नाहीत. मला आता तसं वाटत नाही. मी शिकले होते, उत्तम शिकले होते. कळणं ही एक गोष्ट आहे आणि कळलं असं म्हणणं ही दुसरी, आणि दुसरीसाठी कुठला धडा नाही.

आई गेली त्यानंतरच्या थंडीत बाबा अंथरुणाला खिळले. ते माझ्या घरी होते. एका दुपारी मी त्यांना मऊ भात भरवत होते आणि खिडकीतून ऊन त्यांच्या पायांवर आलं होतं. आई असताना मला जे सांगायचा धीर झाला नव्हता ते मी त्या दिवशी सांगितलं. मी म्हणाले, बाबा, त्या साहेबांच्या भाषणात काही नव्हतं. मला त्या सकाळीच कळलं होतं. मी तुमच्याशी खोटं बोलले.

त्यांनी घास गिळला. मग म्हणाले, "मलाही कळलं होतं. मांडवातच कळलं होतं, लिहिता लिहिता."

मला आधी नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. "मग मला काहून विचारलं?"

"माझा माझ्यावर भरवसा नव्हता. मानपत्र मीच लिहिलं होतं ना, ते फुकट जाईल ही धास्ती होती. वाटलं, मी वाईटच वाचून राहिलो असेन. तू 'काही नाही उरलं' म्हणाली असतीस तर मी तिथूनच तारघरात जाणार होतो, होकार कळवायला. पैसे खिशात होते." ते थांबले, त्यांना धाप लागली होती. मी पाणी पुढे केलं, ते त्यांनी घेतलं नाही. "पण तू म्हणालीस, वचन आहे. मला वाटलं, पोरगी माझ्यापुढे गेली. जे मला दिसत नाही ते हिला दिसतं. त्या दिवशी मला तुझा फार अभिमान वाटला होता."

एवढं बोलून त्यांनी भात नको म्हणून तोंड फिरवलं.